विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय उद्योग-स्पर्धा

महाविद्यालयांत जाणारा मुलगा एके दिवशीं घरीं येऊन सांगतो कीं, परदेशांत भरणाऱ्या एका उद्योग-स्पर्धेसाठीं आपल्या संघाची निवड झाली आहे. घरांतील वडील मंडळी विचारांत पडतात. खेळाची स्पर्धा सर्वांच्या परिचयाची. वक्तृत्वाची आणि निबंधाचीही तशीच. पण धंदा म्हणजे वर्षानुवर्षें बाजारांत बसून करावयाची गोष्ट. तिची शर्यत भरवितात तरी कशी? आणि तिच्या पायीं अभ्यासाचे चार-सहा महिने खर्चीं घालावे काय? हे प्रश्न रास्त आहेत. मात्र स्पर्धेचें स्वरूप समजून घेतल्यावांचून त्यांचीं उत्तरें देतां येत नाहींत.

या स्पर्धा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारांत एखाद्या व्यापारी संस्थेपुढील अडचण विद्यार्थ्यांपुढें ठेवून तिजवर तोड विचारतात. कॅनडांतील माँट्रियल शहरीं काँकॉर्डिया विद्यापीठाच्या जॉन मोल्सन विद्यालयातर्फें भरणारी स्पर्धा या जातीची होय. प्रकरण हातीं पडल्यावर चार जणांच्या संघाला विचारासाठीं अवघे तीन तास मिळतात. मग परीक्षकांपुढें उभें राहून निर्णय आणि त्याचीं कारणें सांगावयाचीं. मुख्य गोष्ट कोणती आणि गौण कोणती, हें थोड्या वेळांत ओळखण्याची येथें कसोटी लागते.

दुसऱ्या प्रकारांत अडचणही विद्यार्थ्यांनींच हेरावयाची आणि तिजवर चालणारा धंदाही त्यांनींच उभा करून दाखवावयाचा. अमेरिकेंत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठांत १९८४ च्या सुमारास सुरू झालेली 'मूट कॉर्प' ही या प्रकारची एक जुनी स्पर्धा. कायद्याचे विद्यार्थी जसें लुटुपुटूचें न्यायालय भरवितात, तसा व्यापाराच्या विद्यार्थ्यांनीं लुटुपुटूचा धंदा मांडावा, अशी तिच्या मागची कल्पना होती. मुंबईंत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी 'युरेका' नांवाची अशीच एक स्पर्धा भरवीत असतात.

अलीकडे सर्वांत अधिक गाजलेली स्पर्धा म्हणजे हल्ट पारितोषिकाची. २००९ सालीं अहमद अश्कर या विद्यार्थ्याच्या कल्पनेंतून ती निघाली आणि हल्ट आंतरराष्ट्रीय व्यापार-विद्यालयाच्या आश्रयानें वाढली. विजयी संघास दहा लक्ष डॉलर मिळतात. पण ही रक्कम मौजेसाठीं नसून धंद्याचें बीजभांडवल म्हणून दिलेली असते. पहिली फेरी आपापल्या महाविद्यालयांत, पुढची देशोदेशीं, नंतर निवडक संघांना कांहीं आठवड्यांची शिकवणी आणि शेवटीं अंतिम सामना, अशा पायऱ्यांनीं ती चालते. धंद्यानें नफा तर मिळवावाच, शिवाय समाजाचें एखादें दुखणेंही हलकें करावें, ही तिची मुख्य अट.

उदाहरणांवरून ही अट अधिक स्पष्ट होईल. २०१३ सालीं अन्नटंचाईचा प्रश्न होता. त्या वर्षीं माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठाचा संघ जिंकला. खाण्याजोगे कीटक पाळून स्वस्त प्रथिनें पुरवावीं, ही त्याची योजना. पुढें या मंडळींनीं कॅनडांत रातकिड्यांच्या पैदाशीचा मोठा कारखानाही उभारला; परंतु २०२५ सालीं तो आर्थिक अडचणींत सांपडला. २०१४ सालीं हैदराबाद येथील इंडियन स्कूल ऑफ बिझिनेसच्या संघानें बाजी मारली. शहरांतील गरीब वस्त्यांतून मधुमेह व रक्तदाब यांची तपासणी दारोदार जाऊन करावी आणि त्यासाठीं 'साथी' म्हणून स्थानिक आरोग्यसेवक तयार करावे, असा त्याचा बेत होता. २०२३ चा विजय येल विद्यापीठांतील संघाचा. पण त्याचें काम आपल्याच देशांतलें. केळीच्या टाकाऊ खोडांपासून चामड्याच्या तोडीचा पदार्थ बनविण्याचा हा उद्योग. केळीचा घड एकदां उतरला कीं तें खोड पुन्हां फळत नाहीं, तें तोडावेंच लागतें, हें जळगांवकडील शेतकऱ्यास सांगावयास नको. जो कचरा उचलण्याची त्याला विवंचना, त्यांतच या विद्यार्थ्यांना भांडवल दिसलें.

परीक्षकांपुढें बोलण्यास वेळ थोडकाच मिळतो, म्हणून कित्येक संघ सारी शक्ति वक्तृत्वावर आणि चित्रांवर खर्च करतात. खरी फजिती हिशेबांत होते. समजा, एका संघानें खेड्यांसाठीं सौर दिवा काढला. तो तयार करण्यास ६०० रुपये लागतात व विक्रीची किंमत ८०० रुपये आहे. वरवर पाहतां दर दिव्यामागें २०० रुपये नफा! पण दिवा गांवोगांव पोंचविणें, हप्ते गोळा करणें आणि बिघडलेला दिवा बदलून देणें यांस दर नगीं २५० रुपये पडत असतील, तर प्रत्येक विक्रीबरोबर ५० रुपयांची खोट येते. शंभर दिवे खपले तर ५,००० रुपये बुडाले. असा धंदा जों जों वाढेल, तों तों बुडेल. परीक्षक नेमका हाच प्रश्न विचारतात.

दोन गोष्टींविषयीं मात्र आरंभापासून सावध असलें पाहिजे. कल्पना कोणाची आणि तींत वांटा कोणाचा किती, हें मित्रांनीं पहिल्याच आठवड्यांत कागदावर लिहून ठेवावें. बक्षीस मिळाल्यावर हा प्रश्न निघाला तर मैत्री आणि धंदा दोन्ही जातात. दुसरी गोष्ट याहून नाजुक आहे. गरिबांच्या दुःखावर योजना आखतांना त्या दुःखाचें प्रदर्शन मांडण्याचा मोह पडतो. एक दिवस वस्तींत जाऊन छायाचित्रें काढावयाचीं, परदेशांत टाळ्या घ्यावयाच्या आणि पुन्हां त्या गल्लींत पाऊल टाकावयाचें नाहीं, हा व्यवहार सभ्य नव्हे. ज्या बाईनें आपल्या आजाराची किंवा कर्जाची हकीकत विश्वासानें सांगितली, तिचें स्पर्धेनंतर काय, याचें उत्तर संघापाशीं असलें पाहिजे.

बक्षीस एकाच संघाला मिळतें; बाकीचे रिकाम्या हातीं परततात. तरीही ज्यांनीं काम मनापासून केलें असेल त्यांच्या पदरीं कांहीं पडतेंच. निरनिराळ्या विषयांच्या सोबत्यांशीं जुळवून घेणें, अनोळखी माणसाच्या प्रश्नास न गोंधळतां उत्तर देणें, आणि आपली लाडकी कल्पना चुकीची ठरली तर ती सोडून देणें, हें शिक्षण वर्गांत क्वचितच मिळतें. उलट, केवळ विमानप्रवासाच्या आणि प्रशस्तिपत्राच्या ओढीनें गेलेल्यास यांतलें कांहींच लाभत नाहीं.

तेव्हां मुलास जाऊं द्यावें कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं घरच्यांनीं त्याला बक्षिसाची रक्कम विचारूं नये. ज्यांच्यासाठीं ही वस्तु काढली आहेस, त्यांच्या दारीं तूं आजवर कितीदां जाऊन आलास, एवढेंच विचारावें. तो काय उत्तर देतो, त्यावरून निर्णय करणें सोपें जाईल.