गॅसचा वास आला? आधी स्विचवरचा हात मागे घ्या

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की बहुतेक घरांत दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी ‘बघू, कुठून येतोय’ म्हणत दिवा लावतं आणि कुणीतरी वास बाहेर जावा म्हणून एक्झॉस्ट फॅन सुरू करतं. दोघांचाही हेतू चांगलाच असतो. पण बटण दाबताना त्याच्या आत एक बारीक ठिणगी उडते आणि खोलीत गॅस साठलेला असेल तर तेवढी ठिणगी पुरते.

‘सिलेंडर फुटला’ अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा अनेकदा सिलेंडर जागच्या जागी शाबूत असतो. रात्रभर हळूहळू बाहेर पडलेला गॅस खोलीत साठतो आणि एका बटणाने, एका काडीने पेट घेतो. एलपीजीचं हवेतलं प्रमाण शंभरात साधारण दोन भाग झालं, तरी तो पेटू शकतो. म्हणून गळतीच्या वेळी काय करायचं यापेक्षाही काय करायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

वास मुद्दाम घातलेला असतो

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. सडक्या कोबीसारखा जो उग्र वास आपल्याला येतो, तो त्यात मिसळलेल्या रसायनाचा. एलपीजीत त्यासाठी इथाइल मरकॅप्टन घालतात. त्याचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की गॅस पेटण्याइतका साठण्याच्या बराच आधी वास यावा.

या वासामागे एक मोठी दुर्घटना आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन गावच्या शाळेत स्फोट झाला. इमारतीखाली नैसर्गिक गॅस साठत होता, पण त्याला वास नसल्यामुळे कुणालाच पत्ता लागला नाही. कार्यशाळेतलं विजेचं यंत्र सुरू झालं, ठिणगी पडली आणि सुमारे ३०० विद्यार्थी आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचे कायदे झाले. आज आपल्या नाकाला मिळणारी सूचना तिथून आलेली आहे. ‘थोडासाच वास येतोय, जाईल’ असं म्हणून ती सोडून देऊ नका.

तुमच्या घरी कोणता गॅस आहे?

नोकरी-बदलीमुळे आज पुण्यात, उद्या इंदुरात, परवा बेंगळुरूत राहणाऱ्या कुटुंबांनी हे आधी समजून घ्यायला हवं. सिलेंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की तो खाली बसतो, ओट्याखाली, कपाटात, मोरीच्या जाळीत साठतो. पाइपने येणारा पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताकडे जातो.

यावरून बऱ्याच गोष्टी ठरतात. सिलेंडर बंद कपाटात ठेवला असेल तर कपाटाच्या दाराला खालच्या बाजूला भोकं किंवा जाळी हवी. पीएनजी असेल तर वरची खिडकी किंवा झरोका उघडा हवा. फर्निचर करणाऱ्या सुताराला हे माहीत असेलच असं नाही, त्याला तुम्ही सांगायला हवं.

शहर बदलताना शेगडीकडेही लक्ष द्या. पीएनजीसाठी शेगडीच्या जेटचं भोक मोठं लागतं. तीच शेगडी तशीच सिलेंडरला जोडली तर ज्योत मोठी आणि पिवळी होते, भांडी काळी पडतात. जेट बदलण्याचं काम गॅस कंपनीच्या किंवा एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

पहिली पाच मिनिटं

वास आल्यावर क्रमाने हे करा :

• कोणतंही बटण दाबू नका. चालू दिवा चालूच राहू द्या, बंद दिवा बंदच. फ्रीज, मिक्सर, चिमणी, एक्झॉस्ट फॅन, कशालाच हात लावू नका. तिथे उभं राहून मोबाइलही वापरू नका.

• शेगडीच्या सगळ्या खुंट्या आणि रेग्युलेटर बंद करा. पीएनजी असेल तर पाइपवरचा व्हॉल्व्ह बंद करा. त्याची दांडी पाइपच्या रेषेत असेल तर तो चालू आणि पाइपला आडवी असेल तर बंद.

• समई, निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल विझवा.

• दारं-खिडक्या हाताने उघडा. एलपीजी जमिनीलगत असतो, म्हणून गॅलरीचं दार आधी उघडा.

• मुलांना आणि वृद्धांना घेऊन बाहेर पडा. जिन्याने उतरा, लिफ्ट नको. शेजाऱ्यांची बेल वाजवू नका, दार ठोठावा.

• मीटरबॉक्स घराबाहेर, वास नसलेल्या ठिकाणी असेल तर तिथून मेन स्विच बंद करा. पण घरात इन्व्हर्टर असेल तर वीज जाताच तो आपोआप सुरू होतो. तो गॅसच्या जवळ असेल तर मेनला हात न लावता बाहेर पडा.

बाहेर मोकळ्यावर आल्यावर फोन करा. एलपीजी गळतीसाठी देशभर चालणारा २४ तासांचा क्रमांक १९०६ आहे. पीएनजी कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावर दिलेला असतो. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२.

रेग्युलेटर बंद करूनही सिलेंडरच्या तोंडातून गॅस येत असेल, तर रेग्युलेटर काढून दोरी बांधलेली सेफ्टी कॅप घट्ट बसवा. तरीही गळती थांबली नाही तर सिलेंडर उभाच ठेवून मोकळ्या जागेत, गटारापासून दूर न्या. आडवा केलात तर गॅसऐवजी द्रव बाहेर येतो आणि तोच द्रव हवेत सुमारे २५० पट पसरतो.

सिलेंडरच्या तोंडाशी ज्योत पेटलेली असेल आणि रेग्युलेटरपर्यंत हात सुरक्षितपणे पोहोचत नसेल, तर धाडस करू नका. नुसती ज्योत विझवली आणि गॅस चालूच राहिला, तर तो पुन्हा साठतो. सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

गळती शोधायची कशी?

काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजूनही भेटतात. त्यांना तिथेच थांबवा. सर्वांत खात्रीचा उपाय भांडी घासायच्या जागीच असतो. वाटीभर पाण्यात थोडा साबण घोळवा आणि तो फेस रेग्युलेटरच्या जोडावर, नळीच्या दोन्ही टोकांना आणि खुंट्यांच्या मुळाशी लावा. बुडबुडे फुगत राहिले तर गळती तिथेच आहे. ही तपासणी महिन्यातून एकदा आणि सिलेंडर बदलल्यावर दर वेळी करा. खोली वासाने भरलेली असताना मात्र शोधत बसू नका, आधी बाहेर पडा.

पीएनजीसाठी आणखी एक सोपी पद्धत आहे. शेगडी आणि गॅसवर चालणारी इतर उपकरणं बंद करा, मुख्य व्हॉल्व्ह चालू ठेवा आणि मीटरचे शेवटचे आकडे टिपून घ्या. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. काहीच चालू नसताना आकडे सरकले असतील तर गॅस कुठूनतरी जातोय. व्हॉल्व्ह बंद करा आणि कंपनीला कळवा.

नवीन सिलेंडर घेताना घाई करू नका. कॅप काढून आतली रबरी रिंग शाबूत आहे का, गळती आहे का, हे डिलिव्हरी करणाऱ्याकडून दारातच तपासून घ्या. सिलेंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी २८’ लिहिलं असेल तर त्या सिलेंडरची पुढची चाचणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायला हवी. ही मुदत उलटलेली असेल तर सिलेंडर परत करा.

दुरुस्ती : तुमची किती, मेकॅनिकची किती?

घरच्या घरी करण्यासारखं काम एकच, नळी बदलणं. आयएसआय खुणेची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. त्याआधीही चिरा दिसल्या, नळी कडक झाली किंवा उंदराने कुरतडली, तर लगेच बदला. नळी दीड मीटरहून लांब नको, जोड दिलेली नको आणि भिंतीत किंवा फर्निचरमागे दडवलेली तर अजिबात नको. बदलताना रेग्युलेटर काढून कॅप लावा, जवळपास कुठलीही ज्योत नाही ना हे बघा आणि शेवटी साबणाच्या पाण्याने दोन्ही टोकं तपासा.

बाकीच्या कामाला हात लावू नका. रेग्युलेटर उघडणं, सिलेंडरच्या व्हॉल्व्हची पिन स्क्रू ड्रायव्हरने दाबणं, गळतीवर साबणाची वडी चोळणं, एम-सील किंवा चिकटपट्टी लावून ‘सध्यापुरतं’ भागवणं, हे सगळे प्रकार जीवघेणे आहेत. बिघडलेला रेग्युलेटर एजन्सीकडून बदलून घ्या. घट्ट झालेली खुंटी पकडीने फिरवू नका, मेकॅनिककडून साफ करून घ्या. एजन्सीचा माणूस दर पाच वर्षांनी होणाऱ्या सुरक्षा तपासणीला आला, तर ‘नंतर या’ म्हणून परत पाठवू नका.

दुरुस्ती झाल्यावर साबणाची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. वास पूर्ण गेल्यावरच घरातलं पहिलं बटण दाबा.

हॉटेल, मेस आणि लग्नघर

घरात एक सिलेंडर असतो, व्यवसायात एकाशेजारी एक पाच-सहा असतात. ८ डिसेंबर २०२२ रोजी राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यातल्या भुंगरा गावात एका लग्नघरी वरात निघायच्या तयारीत होती. सिलेंडरमधून गळलेल्या गॅसने पेट घेतला आणि ३० हून अधिक माणसं गेली. लग्नसराईत मांडवामागे शेगड्या आणि सिलेंडर दाटीवाटीने मांडलेले आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहेत. पाहुण्यांची ये-जा, मुलांचे खेळ आणि भटारखाना यांच्यात अंतर ठेवण्याची जबाबदारी केटररइतकीच यजमानांचीही आहे.

छोटं हॉटेल, टिफिन सर्व्हिस किंवा बेकरी चालवत असाल तर हे तपासा. १४.२ किलोचा घरगुती सिलेंडर धंद्यात वापरणं बेकायदेशीर आहे, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडर असतो. एकावेळी १०० किलोपेक्षा जास्त एलपीजी ठेवायचा तर परवाना लागतो. म्हणजे १९ किलोचे पाच सिलेंडर चालतील, सहावा आला की नियम लागू झाला. हा परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

सिलेंडर तळघरात ठेवू नका, तिथे साठलेल्या जड गॅसला बाहेर जायला वाट नसते. उरलेला गॅस निघावा म्हणून सिलेंडर गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवा करणं बंद करा. रात्री आधी सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, नळीत उरलेला गॅस जळू द्या, मग शेगडीची खुंटी बंद करा. सकाळी शटर उघडणाऱ्या पोऱ्यालाही शिकवा, आधी वास घ्यायचा, मग दिवा लावायचा.

नाकालाही मदत हवी

तोच वास बराच वेळ येत राहिला की नाकाला त्याची सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. सर्दी झालेल्यांना आणि वयस्कर माणसांना तो मुळातच कमी येतो. आई-बाबा गावी एकटे राहत असतील तर त्यांच्यासाठी गॅस डिटेक्टर ही उपयोगी भेट आहे. एलपीजीसाठी तो जमिनीपासून साधारण एक फूट उंचीवर आणि पीएनजीसाठी छताच्या एक फूट खाली लावतात. उलट लावला तर तो उशिरा वाजेल. डिटेक्टरचंही आयुष्य ठरलेलं असतं, खोक्यावरची तारीख बघून ठेवा.

एक गोष्ट मात्र हा डिटेक्टर सहसा ओळखत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू राहिला की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो आणि तो माणसाला नकळत बेशुद्ध करतो. गिझर बाथरूमबाहेर, हवेशीर जागी बसवून घ्या.

आज जेवणं झाल्यावर पाच मिनिटं काढा. रेग्युलेटर बंद कसा करायचा, कॅप कशी बसवायची आणि व्हॉल्व्हची दांडी कुठे असते, हे घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांना आणि स्वयंपाकाच्या मावशींनाही प्रत्यक्ष दाखवा. १९०६, एजन्सी आणि अग्निशमन दल यांचे क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून घराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फ्रीजवर नको, कारण त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात थांबायचं नाही.