पंपाचा स्क्रू कोण फिरवतो?

डिचोलीच्या खाणपट्ट्यात २०२४ सालच्या एप्रिल महिन्यात खनिज काढण्याचे काम पुन्हा सुरू झाले, आणि त्याबरोबरच ह्या तालुक्यातील घरोघरी ट्रकाचा विषय पुन्हा निघू लागला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षास दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठविली. २०१८ च्या मार्चमध्ये त्या पुन्हा थांबल्या. ह्या धरसोडीत किती ट्रक मातीमोल किमतीस गेले आणि किती अंगणात गंजले, ह्याचा हिशेब ज्या त्या कुटुंबाने आपल्यापुरता ठेवला आहे. काहींनी पेडण्याची वाट धरली. मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहत होता तेव्हा खडी, वाळू, सिमेंट वर चढविण्यास वाहने हवी होती. हे सारे निभावून जे जुने ट्रक अद्याप चालते आहेत, त्यांचे मालक आता एक प्रश्न विचारू लागले आहेत: ह्या इंजिनाला टर्बो बसवून घेतला तर काय होईल?

प्रश्न गॅरेजातला आहे, तो अग्रलेखात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या वस्तूवर एका कुटुंबाचे कर्ज, एका गावाचा रस्ता आणि त्या रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलांचे श्वास अवलंबून आहेत, ती वस्तू केवळ मेकॅनिकच्या हाती सोपवून मोकळे होणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. डिझेल इंजिनाची शक्ती डिझेलात असते असे आपण समजतो; वस्तुतः अडते ते हवेवाचून. एक किलो डिझेल जळण्यास साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर न होता जळावयाचे तर त्याहूनही बरीच अधिक. जुन्या सहा सिलिंडरच्या, साडेपाच-पावणेसहा लिटरच्या इंजिनात पिस्टन खाली येताना जेवढी हवा आपोआप ओढली जाईल तेवढ्यावरच सारा कारभार चालतो. दुसरीकडे, डिझेलातील सुमारे एक-तृतीयांश उष्णता सायलेन्सरवाटे फुकट जाते. ह्या वाया जाणाऱ्या उष्ण वायूने एक चक्र फिरवावयाचे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावयाचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावयाची, एवढाच टर्बोचा अर्थ. कल्पना साधी, तथापि तो दांडा मिनिटास लाखभर फेरे घेतो, आणि तेलाच्या केसाएवढ्या थरावर तरंगत घेतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी ह्याने १९०५ साली ह्या कल्पनेचे पेटंट घेतले. जहाजांच्या इंजिनांत ती यशस्वी होण्यास पुढे वीस वर्षे लागली. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच सौरर कंपनीने टर्बो असलेले ट्रकाचे इंजिन काढले. १९५४ साली स्वीडनच्या व्होल्वोने आपल्या टायटन ट्रकाला टर्बो देऊन दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनातून एकशेपंचाऐंशी अश्वशक्ती मिळविली. योगायोग असा की त्याच १९५४ मध्ये जमशेदपुरास टाटांनी मर्सिडीझ-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या टाचेखाली होता. जमशेदपुरातून आलेली टर्बोवाचूनची ती घराणीच पुढे मुक्त गोव्याच्या खाणीवर राबली. टर्बो मात्र आपल्याला परका नव्हता. कुळ्याहून कॅसलरॉककडे सदतिसास एक अशा चढावाने ब्रागांझा घाट चढणारी रेल्वेची डिझेल इंजिने वर्षानुवर्षे टर्बोच्याच बळावर गाड्या ओढीत होती. देशी ट्रकांना तो सर्रास मिळू लागला २००० सालच्या सुमारास, तोही धुराचे नियम कडक झाले म्हणून. बीएस-६ नियम एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतर टर्बोवाचूनचा नवा मालवाहू ट्रक जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

मग कारखान्याने नव्यास दिले ते आपण जुन्यास का देऊ नये? ह्याचे उत्तर कारखान्याने टर्बोबरोबर आणखी काय काय बदलले ते पाहिल्यावर मिळते. टर्बोच्या इंजिनात पिस्टनच्या पोटावर तेलाची धार सोडून तो थंड ठेवण्याची सोय असते. हेड गॅस्केट, रिंगा, व्हॉल्व्ह अधिक दाब व ताप सोसणारे घालतात. दाबण्याचे गुणोत्तर बहुधा थोडे उतरवितात. तेल थंड करण्याची व्यवस्था व रेडिएटर मोठा असतो. टर्बोने तापलेली हवा निववण्यास इंटरकूलर येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, डिझेलच्या पंपावर पडद्याची एक छोटी जोडणी असते. हवेचा दाब चढेपर्यंत ती जास्तीचे डिझेल सोडू देत नाही. जुन्या पंपावर ही जोडणी नाही.

आता गॅरेजात काय घडते ते पाहा. टर्बो बसला, तेलाची नळी जोडली, सायलेन्सरचा रस्ता वळविला. पंप आहे तसाच ठेवला तर खरोखर चांगले घडते: तेवढेच डिझेल अधिक हवेत जळते, धूर कमी होतो, डिझेलही थोडे वाचते. परंतु मालकास वाटते, खर्च केला आणि गाडी पळत तर नाही! मग पंपावरचे सील तुटते आणि डिझेलची मर्यादा ठरविणारा स्क्रू फिरविला जातो. अर्धा फेरा, मग आणखी थोडा. गाडी उसळते, मालक प्रसन्न होतो. उभ्या चढणीवर खालच्या गिअरात निघताना टर्बोला अद्याप वेग आलेला नसतो, डिझेल मात्र पूर्ण सुटलेले असते. त्या क्षणी मागे जो काळा लोट उठतो तो मागच्या मोटारसायकलवाल्याच्या छातीत जातो. पुढे चढण लांबली की सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचा ताप वाढतो. तो दाखविणारे घड्याळ जुन्या ट्रकात नाही. प्रथम हेड गॅस्केट उडते; नंतर रिंगा धरतात, लायनर ओरखडतो, आणि दैव फिरले तर पिस्टनचा माथा वितळून त्यास भोक पडते. वीस वर्षे झिजलेल्या ब्लॉकाकडून ही उसनवारी होत असते, हे त्या पहिल्या महिन्यात कोणास आठवत नाही.

त्यातून आपली तांबडी धूळ. दोन हजार फेऱ्यांवर असे इंजिन मिनिटास सुमारे पाच हजार लिटर हवा गिळते. टर्बो लावल्यावर त्याहून पुष्कळ अधिक. खाणीच्या रस्त्यावरची हवा कशी असते ते आमोण्याच्या, पिळगावच्या वा सत्तरीतील सोनशीच्या गृहिणीला विचारावे. सोनशीच्या लोकांनी २०१७ मध्ये ह्याच धुळीपायी ट्रक अडविले होते. जुन्या ट्रकांतील तेलाच्या भांड्याचे एअर फिल्टर त्या काळच्या मंद इंजिनास पुरेसे होते. टर्बोच्या चक्राची पाती खनिजाच्या बारीक कणांनी घासून बोथट होतात. कागदी फिल्टर लावला तर तो धुळीने वरचेवर बुजतो, आणि बदलण्याचा खर्च टाळण्याकडे कल होतो. शिवाय दुसरी एक शिस्त आहे. तापलेले इंजिन एकदम बंद करावयाचे नसते. दोन-तीन मिनिटे रिकामे चालू द्यावे लागते, नाहीतर टर्बोच्या दांड्यावरचे तेल जागच्या जागी करपते. फेरीवर पगार मिळणारा चालक जेटीवर माल ओतून ती दोन-तीन मिनिटे थांबेल काय?

येथेच खरी गोष्ट आहे. गोव्याच्या खाणीवर भाडे टनावर आणि किलोमीटरवर मोजले जाते. खड्ड्यातून माल वर काढण्याचे काम बहुधा मोठे डंपर करतात. गावच्या ट्रकाचे काम ढिगापासून सारमानसच्या वा आमोण्याच्या जेटीपर्यंत माल नेण्याचे. म्हणजे भरलेला ट्रक डोंगराकडून पाण्याकडे, बहुतांशी उतारानेच जातो आणि रिकामा वर येतो! त्या वाटेवर इंजिनाच्या जोरापेक्षा ब्रेकाचा जोर मोलाचा. पेडण्याकडे, मालपेच्या चढणीवर वा सड्याकडे खडी घेऊन जाणाऱ्यास जोर हवा, हे आम्ही मान्य करतो. पण तोच ट्रक परत उतरतोही, आणि टर्बो बसविल्याने त्याचे ब्रेक, क्लच, पाटे, टायर एका गुंजेनेही सुधारत नाहीत. मग डिचोलीत टर्बो कशासाठी हवा? दिवसाकाठी आणखी एक फेरी पदरात पडावी आणि दोन टन अधिक घालता यावेत म्हणून. पंपाचा स्क्रू मेकॅनिक फिरवितो, त्याला सांगतो मालक, आणि मालकास तसे सांगणे भाग पाडतो तो भाड्याचा दर. डिझेल चढले, हप्ता चढला, दर जागच्या जागी. अशा वेळी इंजिनाच्या आयुष्यातून पोट भरण्यावाचून दुसरी वाट त्यास दिसत नाही. लोभी म्हणून त्याला हिणविणारांनी आधी त्याच्या वहीवर नजर टाकावी.

कायद्याची बाजूही मालकांनी जाणून घ्यावी. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि उत्पादकाने ठरविलेल्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. परवानगीवाचून बदललेल्या इंजिनाचा ट्रक अपघातात सापडला तर विम्याच्या दाव्यात हा मुद्दा निघाल्याशिवाय राहणार नाही, आणि त्याचा भार बुडत्या मालकाच्याच गळ्यात पडेल.

म्हणून जुन्या इंजिनास आपल्या मनाने टर्बो लावू नये, असेच आम्ही सुचवू. इंजिन थकले असेल तर तेवढ्याच पैशात नोझल, पंप, रिंगा व लायनर नीट करून घ्यावेत. धूर कमी होईल आणि हरवलेली बरीचशी ताकद परत येईल. ज्यांस खरोखरच अधिक शक्ती हवी त्यांनी कारखान्यातून टर्बोसह आलेला, अलीकडचा वापरलेला ट्रक पाहावा. परंतु नुसता उपदेश करून सरकारला सुटता येणार नाही. फोंड्याजवळ फर्मागुढीस आपले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, डिचोलीस सरकारी आयटीआय आहे. तेथे एक जुने इंजिन चाचणीस लावून ताप, धूर आणि डिझेलचा खप ह्यांची मोजणी टर्बोसह व टर्बोवाचून करावी, आणि आलेले आकडे मराठीत व कोंकणीत छापून प्रत्येक ट्रकमालक संघटनेकडे पाठवावेत. वाहतूक खात्याने धूर तपासताना उभ्या गाडीवर समाधान न मानता भरलेल्या ट्रकामागे चढणीवर उभे राहावे. आणि भाड्याच्या दराची बैठक पुढे भरेल तेव्हा त्या टेबलावर डिझेलच्या भावाबरोबर ब्रेक लायनर, टायर व फिल्टर ह्यांच्या किमतींचा कागदही असावा. ट्रकमालकांच्या प्रतिनिधींनी तो आजपासूनच तयार करावयास घ्यावा.