गाड्या दोन, करार चार

आमच्या कापडाच्या धंद्यात एक जुना रोग आहे. माग बंद पडायला आलेला कारखानदार एकाच मालावर दोघांकडून बयाणा घेतो. पहिल्याच्या पैशातून सुताचे बिल भागते, दुसऱ्याच्या पैशातून मजुरी निघते, आणि माल उचलायच्या दिवशी दोन टेम्पो एकाच दारात उभे राहतात. अशा दारात आम्हीही एकदा उभे राहिलो आहोत. म्हणूनच मोटारींच्या शर्यतीसारख्या परक्या धंद्यातील एक खटला आम्ही बारकाईने वाचला, आणि तो व्यापारी बांधवांपुढे ठेवावासा वाटला.

फॉर्म्युला वन ही जगातील सर्वांत खर्चिक शर्यत. प्रत्येक संघाला दोनच गाड्या उतरवता येतात, म्हणजे जागा दोनच. बडे संघ चालकाला कोट्यवधी रुपये मोजतात. लहान संघांकडे मात्र उलटा व्यवहार चालतो. तेथे चालकच प्रायोजकाचा पैसा घेऊन येतो आणि त्या बदल्यात त्याला गाडी मिळते. शर्यती साधारण मार्चमध्ये सुरू होतात, पण नवी गाडी तयार करण्याचा खर्च त्याआधी हिवाळ्यात उभा राहतो. हातात रोकड नाही आणि देणी दारात, अशा वेळी पुढच्या वर्षाचा पैसा आजच उचलण्याचा मोह होतो.

स्वित्झर्लंडमधील हिनविल गावचा झाउबर संघ २०१४ मध्ये असाच कात्रीत सापडला होता. त्या साली संघाला एकही गुण मिळाला नाही. संघाच्या प्रमुख मोनिशा काल्टेनबॉर्न या मूळच्या डेहराडूनच्या. फॉर्म्युला वन संघाचे प्रमुखपद सांभाळणारी ही पहिली स्त्री, आणि शिक्षणाने वकील! या संघाकडे गिडो व्हॅन डर गार्डे हा डच चालक राखीव म्हणून होता. २०१५ साली शर्यतीची जागा त्यालाच द्यायची, असा करार झाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, २०१५ ची सर्व रक्कम त्याच्या प्रायोजकांनी २०१४ च्या पूर्वार्धातच संघाला चुकती केली होती, आणि त्या पैशावरच संघ ते वर्ष तगला. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये संघाने स्वीडनचा मार्कस एरिक्सन आणि ब्राझीलचा फेलिपे नासर यांची नावे जाहीर केली. दोघांच्याही पाठीशी पैसा होता. संघाचा जुना चालक आद्रियान सुटील हाही म्हणू लागला की २०१५ चा करार माझ्याकडेही आहे. गाड्या दोन आणि हक्क सांगणारे चार!

व्हॅन डर गार्डेने आधी नुकसानभरपाई मागितली नाही, जागाच मागितली. करारातील तरतुदीनुसार तो स्वित्झर्लंडमधील लवादाकडे गेला. मार्च २०१५ च्या आरंभी लवादाने हुकूम दिला की, दोन चालकांपैकी एक म्हणून शर्यतीत उतरण्याचा त्याचा हक्क हिरावून घेणारे काहीही संघाने करू नये. हंगामाची पहिली शर्यत ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे होती. तो निवाडा हातात घेऊन तो थेट तेथील व्हिक्टोरिया प्रांताच्या सुप्रीम कोर्टात उभा राहिला.

येथे जरा थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्यातील पुष्कळजण परदेशात माल पाठवतात. एका देशातील लवादाचा निवाडा दुसऱ्या देशात बजावता यावा यासाठी १९५८ चा न्यूयॉर्क करार आहे. ऑस्ट्रेलियाने तो मानला आहे, आपल्या देशानेही मानला आहे, आणि आपला १९९६ चा लवाद कायदा त्याला धरूनच आहे. मालाच्या करारात अगदी शेवटी बारीक अक्षरांत तंटा कोठे तोडायचा ते लिहिलेले असते. ती ओळ न वाचताच आपण सही करतो.

मेलबर्नमध्ये संघाच्या वकिलांनी सांगितले की, गाडीची बैठक नव्या चालकाच्या मापाची नाही, त्याला बसवले तर जिवाला धोका आहे. न्यायमूर्ती क्रॉफ्ट यांनी ते ऐकले नाही. ११ मार्चला निकाल व्हॅन डर गार्डेच्या बाजूने लागला आणि दुसऱ्या दिवशी अपीलही फेटाळले गेले. त्याने लगेच कोर्टाच्या अवमानाचा अर्ज टाकला. शुक्रवारी सरावाच्या पहिल्या सत्रात संघाच्या दोन्ही गाड्या बाहेरच पडल्या नाहीत. व्हॅन डर गार्डे तेथे आला तो एरिक्सनचा पोशाख घालून, कारण त्याच्या नावाचा पोशाख शिवलेलाच नव्हता! शर्यतीसाठी लागणाऱ्या खास परवान्याची कागदपत्रेही पुरी झालेली नव्हती.

कोर्टात बाजी पूर्ण त्याचीच होती. तरीही शनिवारी त्याने त्या शर्यतीपुरता हक्क सोडला, आणि पुढच्या काही दिवसांत करारच संपवण्याची तडजोड झाली. भरपाईचा आकडा दीड कोटी युरोच्या घरात असल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले. त्याने नंतर खुलासा केला की, अर्ज पुढे रेटला असता तर दोन्ही चालक शर्यतीला मुकले असते, कदाचित संघाच्या संचालकांना अटकही झाली असती, आणि ते त्याला नको होते. त्या रविवारी नासर पाचवा आला आणि एरिक्सन आठवा. व्हॅन डर गार्डेला फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा कधी मिळाली नाही.

आमच्या मते त्याचा निर्णय बरोबर होता. ज्या कारखान्याला टाळे लागले तेथून ना माल मिळतो ना पैसा. पण ही समज सर्वांनाच परवडते असे नाही. फिनलंडच्या किमी रायकोनेनने २०१३ मध्ये दुसरा मार्ग धरला. लोटस संघाने आपल्याला वर्षभरात शून्य युरो दिले, असे तो अबूधाबीत उघड बोलला आणि शेवटच्या दोन शर्यती त्याने सोडल्या. कारण दिले पाठीच्या शस्त्रक्रियेचे.

तिसरा मार्ग मात्र फार विचार करायला लावणारा आहे, आणि तो आपल्या देशाच्या नावाच्या संघात घडला. विजय मल्ल्या यांचा फोर्स इंडिया. २०११ मध्ये सहाराने त्यात मोठा हिस्सा घेतला होता. पुढे सहाराचे सुब्रत रॉय तुरुंगात गेले, मल्ल्यांनी २०१६ मध्ये देश सोडला, आणि इंग्लंडमधील संघाची देणी चढत गेली. मेक्सिकोचा चालक सर्जियो पेरेझ याचेच सुमारे ४० लाख डॉलर येणे होते. दुसरा एक येणेकरी कंपनी मोडीत काढण्याचा अर्ज करण्याच्या बेतात होता. तसे झाले असते तर यंत्रे विकली गेली असती आणि चारशेच्या वर माणसे घरी बसली असती. तेव्हा संघातील लोकांनीच पेरेझला गळ घातली. जुलै २०१८ मध्ये त्याने स्वतःच्याच संघाविरुद्ध लंडनच्या हायकोर्टात धाव घेतली, आणि २७ जुलैला कोर्टाने कंपनीवर प्रशासक नेमले. प्रशासक आला की येणेकऱ्यांचे हात बांधले जातात आणि चालता धंदा नव्या मालकाला विकायला सवड मिळते. इंजिन पुरवणाऱ्या मर्सिडीजने त्याला साथ दिली.

ऑगस्टमध्ये कॅनडाचे लॉरेन्स स्ट्रोल यांच्या मंडळींनी संघ घेतला. सर्व नोकऱ्या राहतील आणि सर्वांची देणी पूर्ण फिटतील, असे प्रशासकांनी जाहीर केले. कंपनी नवी असल्याने संघाचे आधीचे ५९ गुण पुसले गेले. नव्या नावाने बेल्जियमच्या पहिल्याच शर्यतीत पेरेझ पाचवा आणि त्याचा जोडीदार ओकॉन सहावा आला.

२०१९ मध्ये त्याच संघाने पेरेझशी २०२२ पर्यंतचा करार केला. सप्टेंबर २०२० मध्ये त्याला सांगण्यात आले की, पुढच्या वर्षी तुमच्या जागी सेबास्टियन व्हेटेल येणार. दुसरी जागा मालकाच्या मुलाची होती. ६ डिसेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये पेरेझने त्याच संघाच्या गाडीत आपल्या कारकिर्दीतील पहिली शर्यत जिंकली आणि त्याच महिन्यात रेड बुलशी नवा करार केला.