चंद्रपूरचा धूर, भिवंडीचा धोटा

भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला विजेचा एक मार्ग येऊन संपतो. त्याचं दुसरं टोक ७५२ किलोमीटरवर, चंद्रपूरला आहे. १९९९ साली सुरू झालेल्या या मार्गावरून वीज डीसी रूपात, पाच लाख व्होल्टच्या दाबाने, जवळजवळ अख्खा महाराष्ट्र ओलांडून येते. १५०० मेगावॉट वाहून आणायची त्याची ताकद. पडघ्यात तिची पुन्हा एसी होते आणि ती ग्रिडमध्ये मिसळते. मिसळल्यावर भिवंडीतल्या कुठल्या यंत्रमागाला कुठली वीज गेली, हे कुणालाच सांगता येत नाही. पण भिवंडीत धोटा इकडून तिकडे धावतो त्यामागे विदर्भातला कोळसाही आहे, एवढं खरं.

सगळी वीज चंद्रपूरची धरून एका मागापुरता हिशोब मांडून पाहा. एक अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने बारा तासांची पाळी चालली, तर साधारण नऊ युनिट वीज जाते. एका युनिटला ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर झाला सहा किलोच्या वर. आपल्या कोळशात गंधक जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे तीसेक ग्रॅम. जळताना गंधकाचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो आणि त्याचं वजन थेट दुप्पट होतं. एका मागाच्या एका पाळीमागे साठ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड! तोही भिवंडीत नाही, चंद्रपूरच्या आकाशात. तिथेही तो थांबत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊन माणसांच्या फुप्फुसांत उतरतात. उंच धुराड्याने धूर लांब जातो, कमी होत नाही.

हा वायू अडवायची युक्ती मला रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते. धूर धुराड्यात सोडण्याआधी एका उंच मनोऱ्यात घ्यायचा आणि वरून चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारायचा. वायू चुनखडीला चिकटतो, मग त्यात हवा फुंकली की तळाशी जिप्सम साचतं. एक किलो वायूपासून सुमारे पावणेतीन किलो जिप्सम! ते सिमेंटला लागतं, आणि चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीही आहे, सिमेंटचे कारखानेही आहेत. डहाणूच्या वीजकेंद्रात तर चुनखडीही लागत नाही. समुद्राचं पाणी मुळातच किंचित अल्कधर्मी असतं, तेच हा वायू पिऊन घेतं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या पर्यावरण प्राधिकरणाने चिकाटी धरली, म्हणून २००७ मध्ये ती यंत्रणा तिथे उभी राहिली.

देशभरासाठी नियम आला तो ७ डिसेंबर २०१५ला. ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या जुन्या संचांना घनमीटरमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा, दोन वर्षांची मुदत. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. ११ जुलै २०२५ला केंद्राने तीनचतुर्थांशाहून अधिक संचांना या वायूच्या मर्यादेतून सूटच दिली. चंद्रपूरचं वीजकेंद्र प्रदूषित शहराला लागून आहे, त्यामुळे त्याच्यासारख्यांचा निर्णय प्रकरणागणिक करायचं ठरलं.

सूट देताना कारण पुढे आलं ते ग्राहकाचं: युनिटमागे २५ ते ३० पैसे वाचतील. यंत्रणेचा खर्च वीजकंपनी स्वतः सोसत नाही. नियम बदलल्यामुळे वाढलेला खर्च आयोगाच्या मंजुरीने दरात घालता येतो, आणि भिवंडीत वितरण टोरंटकडे असलं तरी दर महावितरणचेच, राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेले. मात्र एक गोष्ट निसटते. बहुतेक केंद्रांत ही यंत्रणा बसलीच नव्हती, म्हणजे ते पैसे बिलात आलेच नव्हते. सुटीने बिल उतरत नाही, पुढची वाढ तेवढी टळते.

तीस पैसे धरले तर आपल्या मागाला पाळीमागे दोन रुपये सत्तर पैसे. ही रक्कम क्षुल्लक म्हणायला मी तयार नाही. भिवंडीत मजुरीवर कापड विणून देणाऱ्याचा भाव ‘पिक’मागे, म्हणजे आडव्या धाग्यामागे, पैशांत ठरतो. चोवीस माग दोन पाळ्या चालवणाऱ्याला हेच महिन्याला साडेतीन हजारांच्या पुढे जातं. पण दुसऱ्या बाजूचा खर्चही कुणीतरी भरतंच आहे. तो दवाखान्याच्या चिठ्ठीवर चढतो, आणि चंद्रपूरच्या घरांना वीजबिलात त्याबद्दल एक पैसाही सवलत नाही. यंत्रमागाला राज्य सरकार वीजदरात सवलत देतंच. स्वच्छ विजेचा हा भार त्याच वाटेने उचलला, तर विणकराचा भाव आणि चंद्रपूरचा श्वास दोन्ही सांभाळता येतील, असं मला मनापासून वाटतं.

हे बोलायला जागा आहे. दर ठरण्यापूर्वी अर्जदार कंपनीने अर्ज जाहीर करणं आणि आयोगाने लोकांच्या हरकती विचारात घेणं वीज कायदा २००३ने बंधनकारक केलं आहे. तिथे भिवंडीचा मागवाला आपला पैशांचा हिशोब घेऊन जाऊ शकतो, आणि चंद्रपूरची माणसं आपला ग्रॅमचा.