वॉलेसचा आवाज : पीटर सॅलिस (1921–2017)

लंडनजवळच्या ट्विकनहॅमचा जन्म. आधी बँकेत कारकुनी, मग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रेडिओचे प्रशिक्षक. तिथल्याच हौशी नाटकात काम करताना अभिनयाची गोडी लागली.

बीबीसीच्या ‘लास्ट ऑफ द समर वाइन’मध्ये त्यांनी भिडस्त, सावध नॉर्मन क्लेग रंगवला. 1973 ते 2010 या काळात मालिकेचे 295 भाग झाले आणि प्रत्येक भागात सॅलिस होते. इतकी वर्षं एकच माणूस ताजा ठेवणं हे फार मोठ्या नटाचं काम आहे.

ऐंशीच्या दशकात निक पार्क या विद्यार्थ्याने आपल्या मातीच्या बाहुल्यांच्या चित्रपटासाठी त्यांचा आवाज मागितला. सॅलिसनी होकार दिला. मोबदला म्हणून 50 पौंड एका धर्मादाय संस्थेला द्यायला सांगितले. चित्रपट पुरा व्हायला वर्षं गेली. 1989मध्ये ‘अ ग्रँड डे आउट’ आला.

ध्वनिमुद्रणात ते ‘चीज’ हा शब्द इतका लांबवून म्हणाले, की पार्कने चित्रपटाचा नायक वॉलेस याचं तोंड कानापर्यंत रुंद केलं. म्हणजे चेहऱ्याला आवाज मिळाला नाही, आवाजानेच चेहरा घडवला! पडद्यावरच्या जोडीत बोलायचा तो वॉलेसच, कारण त्याचा कुत्रा ग्रोमिट मुका. त्यामुळे संवादांचा बहुतेक भार सॅलिसवरच असे. ‘द राँग ट्राउझर्स’, ‘अ क्लोज शेव्ह’ आणि 2005चा ‘द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट’ या तिन्ही पुढच्या चित्रपटांना ऑस्कर मिळालं.