बावन्न माणसांचं वऱ्हाड

रंगमंच जवळजवळ मोकळा. नवरदेव नाही, घोडा नाही, करवल्या नाहीत, वाजंत्रीही नाही. उभा आहे एकच माणूस, आणि तरी समोरच्या लोकांना अख्खं गाव दिसतं. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची ही किमया मराठवाड्यातल्या तीन पिढ्यांनी अनुभवली आहे. नांदेड-लातूरकडच्या ज्या घरांत नाटकाचं तिकीट कधी काढलं गेलं नाही, तिथेही कॅसेटवरून हे वऱ्हाड पोचलं आणि जेवणाच्या पंगतीत त्यातले संवाद सुरू झाले.

देशपांडे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. 1979 पासून ते हा प्रयोग करू लागले. सुमारे तीन तास आणि बावन्न पात्रं, सगळी त्यांनीच उभी करायची. पुढे गिनीज बुकानेही त्याची नोंद घेतली. त्या नोंदीचं कौतुक खूप झालं. मला मात्र तिच्यापेक्षा मोठी वाटते ती पात्रयोजना. फार्समध्ये हसू येतं गोंधळातून: चुकीचा माणूस चुकीच्या वेळी चुकीच्या दारातून आत येतो. इथे दार नाही आणि आत यायला दुसरा माणूसही नाही. गोंधळ घालणारा आणि गोंधळणारा एकाच देहात राहतात, त्यामुळे कोणाला कुठली भूमिका दिली इथूनच गंमत सुरू होते.

हा खेळ इंग्रजांनाही आवडायचा. ईलिंग स्टुडिओच्या 1949 सालच्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये अॅलेक गिनेस यांनी एकाच घराण्यातली आठ माणसं रंगवली. त्यात एक बाईही होती. नायक वारसाहक्कासाठी एकेकाचा काटा काढत जातो आणि दर वेळी मरणारा चेहरा तोच निघतो. एका दृश्यात त्यातले सहाजण एकत्र दिसावेत म्हणून कॅमेरा जागचा न हलवता, भिंगाचा थोडा थोडा भाग झाकून, तीच फिल्म पुन्हा पुन्हा चालवली होती. गिनेस यांच्या मदतीला रंगभूषा, कपडे आणि संकलनाची कात्री होती. देशपांड्यांना दोन पात्रांमध्ये मिळायचा फार तर एक श्वास.

त्या श्वासात काय होतं, ते बघण्यासारखं आहे. घरातलं वडीलधारं माणूस बोलतं तेव्हा हनुवटी वर, नजर समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे. पोरगं उत्तर देतं तेव्हा मान खाली, नजर तिरकी, एक खांदा उतरलेला. बाईमाणूस बोलायला लागलं की आधी हात पदराकडे जातो, शब्द नंतर. नजरेची उंची एकदा ठरली की ती तीन तास पाळायची, कारण ती बोटभर चुकली तरी म्हातारा कुठे बसलाय तेच प्रेक्षकाला कळेनासं होतं. पात्र बदलायला नटाने वळून पाठ केली, तर हसणं तुटतं. एकाचं शेवटचं अक्षर आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर यांच्यात फट दिसता कामा नये.

एकपात्रीची वाट त्याआधी पु. ल. देशपांड्यांनी मळून ठेवली होती. ‘बटाट्याची चाळ’चा प्रयोग 1961 सालचा. पण चाळ मुंबईची, आणि तिची भाषाही तिकडची. मराठी नाटकात आमच्या मराठवाड्याकडची बोली यायची ती बहुतेक गड्याच्या तोंडी, म्हणजे मालकाच्या दिवाणखान्यात पाणी आणून देणाऱ्या माणसाच्या. ‘वऱ्हाड’ने ती उतरंड उलटी केली. इथे बोली सगळ्या घराची आहे, मालकाचीही आणि म्हातारीचीही. परका ठरतो तो लंडनचा माणूस. लग्नासाठी लंडनला निघालेलं, विमानात बसलेलं हे गाव बुजत नाही. ते एसटीत बसतं तसंच बसतं, चौकशा करतं, रुसतं, आपला मान मागतं. रुखवत, आहेर, विहिणीचा रुसवा हे सगळं आभाळात घेऊन जाणाऱ्या माणसांना आपण हसतो खरे, पण त्या हसण्यात त्यांचा अपमान नसतो. लक्ष्मण देशपांड्यांचं या माणसांवर प्रेम होतं, आणि ते प्रत्येक पात्राच्या आवाजात ऐकू येतं.

नांदेड-लातूरच्या श्रोत्यांना यात आपलं घर सापडतं, तरी बोली सगळीकडे एक नाही. नांदेडकडे माणूस ‘जायलो’ म्हणतो, लातूरकडे ‘जालालो’. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, आणि दखनी उर्दू दोन्हीकडे. सीमेवरच्या लग्नात व्याही एका भाषेत भांडतात आणि दुसऱ्या भाषेत समेट करतात. एवढी तयार नाट्यसामग्री क्वचितच कुठे मिळेल.

2009 मध्ये लक्ष्मण देशपांडे गेले. मूळचे बीड जिल्ह्यातले संदीप पाठक यांनी पुढे हे नाटक उचललं. गुरूच्या लकबींची नक्कल लोक चार प्रयोग सहन करतात, मग दुसरा नट शोधतात. पाठकांनी वेग आपला ठेवला, शरीर आपलं वापरलं, म्हणून ते टिकले. पडद्यावर मकरंद अनासपुरे यांनी हीच बोली नायकाच्या तोंडी आणली.

आता पाळी पुढच्या पोरांची. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ 1994 सालचं. लातूरला त्याचं उपकेंद्र आहे, आणि नाट्य शिकवणारं संकुलही या विद्यापीठात आहे. युवक महोत्सवात प्रहसन, नक्कल, मूकाभिनय, एकांकिका यांना स्वतंत्र जागा असते. तिथे उतरणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ‘वऱ्हाड’ पाठ करा, नजरेची उंची आणि श्वासाची फट त्यावरच घोटा, पण स्पर्धेत दुसऱ्याचं वऱ्हाड नेऊ नका. देगलूरहून तेलंगणात जाणारं, निलंग्याहून बीदरला जाणारं एक वऱ्हाड अजून कोणीतरी लिहायला हवं. त्यात तीन भाषा एकाच तोंडातून बोलाव्या लागतील, आणि त्यासाठी लागणारा कान या पोरांना घरीच मिळालेला आहे.