मोडीतून दिवाणखान्यात

आपल्याकडे घरातली जुनी वस्तू दोन वाटांनी बाहेर पडते. एक वाट मोडीची. पितळेचं पातेलं तराजूत पडतं, किलोचा भाव लागतो आणि बदल्यात स्टीलचा डबा नाहीतर चार नोटा घरात येतात. दुसरी वाट जरा लांबची. तेच पातेलं दोन-तीन हात फिरून एखाद्या दुकानाच्या काचेमागे जाऊन बसतं, त्याच्यावर पिवळा दिवा पडतो आणि आता त्याची किंमत वजनावर नाही, नगावर ठरते. ‘अँटिक’ या शब्दाची सगळी जादू किलोपासून नगापर्यंतच्या या प्रवासात आहे.

हा प्रवास उघड्या डोळ्यांनी बघण्याची मुंबईतली जागा म्हणजे चोरबाजार. मोहम्मद अली रोडवरून भेंडी बाजाराच्या गजबजाटात शिरलं की मटण स्ट्रीट लागतो. नाव मटणाचं, माल जुन्याचा. मूळचा हा ‘शोर बाजार’, साहेबाच्या जिभेवर त्याचा ‘चोर’ झाला, अशी एक कथा सांगतात. व्हिक्टोरिया राणीचं बोटीवरून गायब झालेलं व्हायोलिन इथे विकायला आलं होतं, अशी दुसरी. राणी आयुष्यात हिंदुस्थानात कधी आलीच नाही, ही गोष्ट त्या कथेच्या आड येत नाही. या बाजारात कथा ही मालाबरोबर फुकट मिळते. फक्त जाताना वार लक्षात ठेवावा. शुक्रवारी जुन्या वस्तूंची पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर पहाटेपासून वेगळाच बाजार भरतो.

गेल्या हिवाळ्यात मी तिथे गेले ती भाचीबरोबर. तिनं डोंबिवलीला फ्लॅट घेतलाय आणि दिवाणखान्याला तिला ‘विंटेज लुक’ द्यायचा होता. आमच्या लहानपणी ज्या मालाला अडगळ म्हणत आणि दिवाळीच्या साफसफाईत ज्याच्यावरून आई-आजीचं वाजायचं, त्याचंच हे नवं नाव, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

आम्ही शिरलो ते दुकान बाहेरून जेमतेम एका दाराएवढं आणि आत तीन मजले उंच. खाली काच, मधे लाकूड, वर धातू. खाली हंड्या-झुंबरं, लोलक, निळ्या-हिरव्या चिमण्यांचे दिवे. जिन्याच्या कडेला जहाजांचं सामान: पितळी गोल खिडक्या, कंदील, होकायंत्रं. दारूखान्यात किंवा गुजरातेत अलंगला जहाजं तोडली जातात, तिथून असा माल येतो. मधल्या मजल्यावर आरामखुर्च्या, आरशाची कपाटं आणि एकमेकींवर पालथ्या घातलेल्या इराणी हॉटेलांतल्या खुर्च्या. मुंबईकराला ही खुर्ची इराण्याचीच वाटते, पण तिचं घराणं व्हिएन्नाचं. मिखाएल थोनेटनं वाफेवर लाकूड वाकवून १८५९ मध्ये ही घडण काढली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या करून ठेवल्या तर एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत, म्हणून ती जगभर पोचली. इराणी हॉटेलं एकेक करून मिटत गेली, तशा त्या खुर्च्या अशा दुकानांत आल्या. एखाद्या शहरात काय बंद पडतंय हे समजून घ्यायचं असेल तर त्याचा जुना बाजार बघावा.

पण जुन्याच्या बाजारात नवंही पुष्कळ असतं. भाचीची नजर पहिल्यांदा गेली ती ग्रामोफोनवर. चकचकीत पितळी कर्णा, अष्टकोनी पेटी, वर कुत्र्याचं चित्र. असे ‘जुने’ ग्रामोफोन बहुधा नव्यानं जुळवलेले असतात. आतली मोटर एखाद्या जुन्या पोर्टेबल यंत्राची, बाकी कर्णा काय, पेटी काय, सगळं कालचं. राजा रविवर्म्याच्या चित्रांचंही तेच. त्यांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तिथली शिळाप्रेसवरची चित्रं भिंगातून पाहिली तर रंगाचे ठिपके लहान-मोठे, वेडेवाकडे दिसतात. ठिपके रांगोळीच्या कागदासारखे शिस्तीत बसलेले दिसले, तर तो आजच्या यंत्रावरचा छाप समजावा. लाकडी सामान घेताना दर्शनी पॉलिशवर जाऊ नये, खण बाहेर ओढून त्याची मागची बाजू बघावी. जुना सुतार न दिसणाऱ्या बाजूला पॉलिश वाया घालवत नसे, पण सांधा मात्र चोख करी. आणि फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर ‘शंभर वर्षांपूर्वीचं आहे’ या बोलण्यावर हसून पुढे व्हावं. तो स्क्रू १९३०च्या दशकातला.

दुकानदार लबाडच असतो असं मात्र नाही. सरळ विचारलं की बरेच जण सरळ सांगतात. आमचे चाचा तर भाचीला म्हणाले, “बेटी, बाजा सुनने का है या रखने का? रखने का है तो ये ले, सुनने का है तो छोड दे.”

खरी गंमत वरच्या मजल्यावर झाली. तिथे एक तांब्याचं घंगाळ होतं. बाहेरून सगळं मठारलेलं, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या ओळी अंगभर उमटलेलं. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ठोक्यांनी नुसती नक्षी होत नाही, पत्रा कडक होतो. भाचीला ते कुंडी म्हणून हवं होतं. तिनं काठावरून बोट फिरवलं आणि थांबली. काठाखाली टिंबाटिंबांनी अक्षरं कोरलेली होती. ‘चि. सौ. कां.’ एवढं स्पष्ट होतं. पुढचं नाव घासून गेलेलं. मग शेवटी पुन्हा वाचता येत होतं, ‘मामाकडून’.

भाचीचा चेहरा जरासा पडला. “मावशी, दुसऱ्या कुणाचं तरी नाव आपल्या घरात?” चाचांना असे प्रश्न सवयीचे असावेत. “नाम की फिकर मत करो, बफ मारके देता हूँ. एकदम साफ.”

भांड्यावर नाव घालायची आपली रीत तशी व्यवहाराची. लग्नकार्यात भांडी एकमेकांकडे जात आणि परत येताना ओळख पटायला हवी. पण मला त्या काठावर आणखीही काही दिसत होतं. घर सासऱ्यांच्या नावावर, शेत नवऱ्याच्या नावावर. त्या मुलीच्या नावाचं त्या घरात काय होतं? भांड्याच्या काठावरची दोन बोटं जागा. आणि ते नावही पुसट कुणी केलं? रोज चिंच आणि राख घेऊन बहुधा तिनंच. मी भाचीला एवढंच सांगितलं. ती काही बोलली नाही. मग चाचांना म्हणाली, “राहू द्या. आहे तसंच द्या.” चाचांनी खांदे उडवले आणि बफचे दोनशे रुपये कमी केले.

ते घंगाळ ‘अँटिक’ आहे का, हा प्रश्न तिनं टॅक्सीत विचारला. कायद्याच्या दृष्टीनं पुरावस्तू ठरायला वस्तू किमान शंभर वर्षांची लागते, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर. १९७२चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७६ पासून अमलात आहे. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. मूर्ती, चित्रं अशा काही प्रकारच्या पुरावस्तू नोंदवाव्या लागतात आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणून दगडी किंवा धातूची जुनी मूर्ती कुणी ‘गावाकडची आहे’ म्हणून स्वस्तात पुढे केली, तर तिथून उठावं हे बरं. कुठल्या तरी गावचा गाभारा त्यासाठी रिकामा झालेला असू शकतो.

पण वयाचा दाखला म्हणजे मोल नव्हे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी हे फार लवकर ओळखलं. सगळे तलवारी आणि नाणी बघत होते तेव्हा काका गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, कुलपं, स्वयंपाकाची भांडी जमवत होते. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. वीस हजारांच्या घरातल्या त्या वस्तूंत राजेरजवाड्यांच्या आहेत तशाच कुणा अनाम बाईच्या हातातल्याही आहेत.

आपल्या घरचं काय? वाडे पडतायत, चाळींच्या जागी इमारती उठतायत, आणि नव्या स्वयंपाकघरात हंड्याला जागा नाही हेही खरं. सगळं ठेवता येणार नाही, ठेवूही नये. पण वस्तू जाते तेव्हा तिची गोष्ट आधीच गेलेली असते, हे वाईट. ती सांगणारं माणूस घरात अजून असेल, तर एखाद्या रविवारी माळ्यावरची पेटी उतरवा. फिरकीचा तांब्या कुणी आणला, फणेरपेटी कुणाच्या लग्नातली, अडकित्त्याचं पातं कशानं तुटलं, ते विचारा आणि चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. मग हवं तर द्या, हवं तर विका. काठावर नाव असेल, तर पुसट झालंय म्हणून टाकू नका. उजेडात तिरकं धरलं की बऱ्याचदा वाचता येतं.